कंटेनरचं फिरतं घर: ग्राइंडर हातात घेण्याआधी

मी लोखंडी कामाची ड्रॉइंग काढते आणि मालवाहू कंटेनरची, म्हणजे जहाजावरून माल नेणाऱ्या लोखंडी पेट्यांची, घरं आखून देते. येणारे बहुतेक जण आतल्या मांडणीचा कागद सोबतच आणतात. पलंग इथे, ओटा तिथे, समोर मोठी काच. मी आधी विचारते, हे उचलणार कसं? घर एकदा ठेवलं की कायम तिथेच राहणार असेल तर गोष्ट वेगळी. पण ते पुन्हा हलणार असेल, तर खिडकी कुठे, टाकी कुठे, जमिनीला काय लावायचं, हे सगळं क्रेन आणि ट्रेलर ठरवतात. म्हणून मीही त्याच क्रमाने सांगते.

पेटीचा जीव कोपऱ्यांत

कंटेनरच्या भिंतीचा पत्रा जेमतेम 1.6 मिलिमीटर जाड असतो. खरी ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत, त्यांना वर-खाली जोडणाऱ्या लांब आडव्या बीममध्ये आणि पत्र्याच्या पन्हाळ्यांत असते. आठही कोपऱ्यांना भोकं असलेले जाड ओतीव ठोकळे दिसतील, ती कॉर्नर कास्टिंग. 1956 मध्ये कंटेनर वाहतूक रुजवणारे अमेरिकन उद्योजक माल्कम मॅक्लीन यांनी 'आयडियल-एक्स' या जहाजावरून 58 पेट्या नेल्या. त्यांच्याच इंजिनियरने, कीथ टँटलिंगर यांनी, हे कोपरे आणि त्यांत शिरवून फिरवलं की अडकणारं ट्विस्टलॉक विकसित केलं. आजही ट्रेलर असो की क्रेन, पेटीला पकडतात ते याच कोपऱ्यांत. त्यावर काही झाकू नका, वेल्ड करू नका, रंगाचे थर चढवून भोकं बुजवू नका.

माझी एक साधी कसोटी आहे. एका कॉर्नर कास्टिंगच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत दोरी ताणायची, चारही बाजूंनी आणि छतावरूनही. प्रवासाच्या दिवशी या दोरीबाहेर काहीही आलेलं चालणार नाही. खिडकीची चौकट, बिजागरी, नळाची तोटी, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं आत बसायला हवं किंवा काढून ठेवता यायला हवं. सौर पॅनेलसुद्धा उचलण्याआधी उतरवता येतील अशीच बसवा. छताच्या कडा सोडल्या तर मधला पत्रा कमकुवत असतो, त्यामुळे पॅनेलचा सांगाडा वरच्या आडव्या बीमवर टेकला पाहिजे.

कोणती पेटी घ्यावी

20 फुटी पेटी बाहेरून 6.06 मीटर लांब, 2.44 मीटर रुंद आणि 2.59 मीटर उंच असते. आतून साधारण 5.90 बाय 2.35, उंची 2.39. हाय क्यूब मिळाली तर ती घ्या. तिची बाहेरची उंची 2.90 मीटर आहे आणि ही जास्तीची फूटभर उंची घरात फार मोलाची ठरते. फक्त वाहतुकीचा हिशेब तपासा. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून 1.2 मीटरवर असेल तर एकूण उंची 4.1 मीटरवर जाते. वाटेतले पूल, कमानी, विजेच्या तारा त्या मापाने बघाव्या लागतात आणि त्या भागातल्या वाहतुकीच्या नियमांनाही ते बसावं लागतं. 40 फुटी पेटी फिरत्या घरासाठी मी सुचवत नाही. एवढी लांब गाडी वळवायला आणि पेटी उतरवायला जागा कमी ठिकाणी मिळते.

वापरलेली पेटी घेत असाल तर दिवसा उजेडी जा. आत उभे राहा आणि कुणाला तरी बाहेरून दार ओढून घ्यायला सांगा. तो माणूस दारापाशीच थांबला पाहिजे, कारण ही दारं आतून उघडत नाहीत. डोळे अंधाराला सरावले की छताकडे बघा. सुईच्या टोकाएवढंही भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. मग दारांचं रबर सगळीकडून हाताने दाबून बघा आणि वाकून पेटीच्या खाली जा. बुडाचे आडवे लोखंडी बीम साधारण फूटभर अंतराने असतात. त्यांवरचा गंज पत्र्याच्या डागांपेक्षा जास्त महत्त्वाचा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पापुद्रे सुटले आणि टोक आत रुतलं तर दुसरी पेटी शोधा.

दारावर एक धातूची पट्टी असते, तिच्यावर बनवल्याचं साल आणि जास्तीत जास्त वजन कोरलेलं असतं. लाकडाला कोणतं औषध मारलंय याचीही नोंद बहुधा तिथेच सापडते. जमिनीचं 28 मिलिमीटरचं प्लायवुड किडीपासून वाचवायला कीटकनाशकात मुरवलेलं असतं. शिवाय आधी त्यावर काय सांडलंय ते कोण सांगणार? वास येत असेल किंवा डाग असतील तर मी ते सरळ काढून टाकायला सांगते. लाकूड स्वच्छ असेल तर इपॉक्सीचा सलग थर देऊन वर नवी जमीन करता येते. लहान मूल राहणार असेल तर मात्र काढाच.

कापणं

पेटी कोपऱ्यांतून उचलली की लांब भिंत एका खोल तुळईचं काम करते. त्या भिंतीत जितकं मोठं भोक, तितका तुळईचा जोर कमी. त्यामुळे मोठी काच हवी असेल तर मी ती मूळ दारांच्या टोकाला देते. ती बाजू आधीच उघडी आहे, काही कापावं लागत नाही. दारांच्या आत हातभर जागा सोडून सरकती काच बसवायची. मुक्कामाला दारं उघडी, प्रवासात लोखंडी दारं बंद, काच सुरक्षित.

लांब भिंतींत मग एक दार आणि दोन-तीन लहान खिडक्या पुरतात. मी कोपऱ्याच्या खांबापासून दोन फूट पत्रा अखंड ठेवते. दाराएवढं भोक पाडायचं असेल तर आधी दोन्ही कडांना खालच्या बीमपासून वरच्या बीमपर्यंत चौकोनी पाइप उभे वेल्ड करून घ्या, वर आडवा पाइप द्या, मगच पत्रा कापा. उलट क्रमाने केलं तर पत्रा फुगतो आणि चौकट गुण्यात (काटकोनात) बसत नाही. वेल्डिंगही सलग ओढू नका. इंचभराचा टाका इकडे, मग पलीकडच्या बाजूला, मग खाली, असं फिरत जा, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच दिवशी झिंक प्रायमर लावा. कंटेनरचं कॉर्टेन पोलाद गंजाला चांगलं तोंड देतं, पण जिथे पाणी साचून राहतं तिथे तेही गंजतं. खिडकीच्या वर पाणी पुढे टाकणारी छोटी पट्टी हवीच. आणि जुना रंग कापताना-जाळताना निघणारा धूर विषारी असतो. वेल्डरला साधा रुमाल नको, फिल्टरचा मास्क द्या.

कापून निघालेला पत्रा भंगारात देऊ नका. त्यालाच कडेने पट्टी मारून वरच्या बाजूला बिजागऱ्या लावा. उघडला की खिडकीवर सावली, मिटला की प्रवासाचं झाकण. बिजागरीचा नळा पन्हाळीच्या खोलगट भागात बसवला की तो दोरीच्या आतच राहतो.

ओल

घराचा सगळ्यात चिवट शत्रू हाच, आणि तो आतून येतो. श्वास, आंघोळ, स्वयंपाक यांची वाफ गार पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होतं. पहाटे उघड्या पत्र्यावरून बोट फिरवा, ओली रेघ उमटेल. नुसता ग्लासवूल भरून वर प्लाय मारला तर ही वाफ त्यामागे शिरते, पाणी तिथेच राहतं, पत्रा आतून गंजतो आणि बुरशी धरते. म्हणून पत्र्याला थेट चिकटणारा बंद पेशींचा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम, निदान 50 मिलिमीटर, हा माझा पहिला पर्याय. हवेला पत्र्यापर्यंत वाटच राहत नाही आणि पन्हाळ्याही भरतात. आतल्या भिंतीच्या पट्ट्या लाकडी घ्या. लोखंडी पट्ट्या पत्र्याला वेल्ड केल्या की त्यांतून ऊन-थंडी थेट आत येते. फोम पेट घेऊ शकतो, म्हणून तो उघडा ठेवू नका, त्यावर सिमेंट फायबर बोर्ड मारा.

फोम मारण्याआधी वायरिंगचे पाइप टाकून झालेले असावेत. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी कडं बसवा, कारण प्रवासात हादरे बसतात आणि पत्र्याची धार इन्सुलेशन सोलते. अख्खं घर लोखंडाचं आहे, त्यामुळे बॉडीला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यात तडजोड नाही. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

हवेसाठी एका भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत वर अशा जाळ्या द्या, न्हाणीत एक्झॉस्ट पंखा द्या. सिलिंडर बाहेर ठेवा, आणि गॅसची शेगडी असेल तर एक जाळी अगदी जमिनीलगत हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो.

मांडणी

दोन्ही बाजूंना फोम आणि बोर्ड मिळून सहा-सहा सेंटिमीटर जातात, म्हणजे हातात उरतं 5.78 बाय 2.23 मीटर. हे माप खडूने जमिनीवर आखा आणि एक संध्याकाळ त्यात वावरून बघा. दोघं एकमेकांना ओलांडून जातात का, कपाटाचं दार उघडल्यावर उभं राहायला जागा उरते का, ते कागदावर कळत नाही.

बंद टोकाला मीटरभर खोलीची न्हाणी, तिच्या भिंतीला लागून 1.8 मीटरचा ओटा, म्हणजे सगळे नळ एकाच भिंतीत येतात. संडासाची जागा पक्की करण्याआधी पेटीखाली जाऊन आडव्या बीमच्या जागा वर जमिनीवर खुणा करून घ्या. पाइप दोन बीमच्या मधूनच खाली उतरला पाहिजे, त्यासाठी बीम कापायचा नाही. उरलेल्या जागेत रात्री ओढून रुंद होणारा बाक बसतो.

वजनाची एक वही ठेवा. रिकामी 20 फुटी पेटीच सव्वादोन टनांच्या आसपास असते. 12 मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची शीट 23 किलोच्या घरात, 200 लिटरची भरलेली टाकी 200 किलो. ओटा एका बाजूला असेल तर टाकी आणि बॅटऱ्या दुसऱ्या बाजूला, शक्यतो मध्यावर आणि जमिनीलगत. नाहीतर क्रेनवर घर कलतं. टाइल्स टाळा, हादऱ्यांनी सांधे सुटतात. व्हायनिल टिकतं. नळासाठी पेक्स हे लवचिक प्लास्टिकचे पाइप घ्या आणि प्रत्येक सांध्यापर्यंत हात पोचेल असं झाकण ठेवा.

एक गोष्ट कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून मीच सांगते. बाजूचं दार आतून किल्लीशिवाय उघडणारं हवं. शिवाय माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक खिडकी झोपायच्या जागेजवळ हवी. मुक्कामाला असताना मूळ दारांचे दांडे चुकूनही कुणी बाहेरून लावू शकणार नाही, असे कुलपाने अडकवून ठेवा.

हलवण्याचा दिवस

टाक्या रिकाम्या, सिलिंडर वेगळा, खण खिट्टीने बंद, खिडक्यांची झाकणं मिटून बोल्ट घट्ट. क्रेनवाल्याला वहीतलं वजन सांगा आणि स्प्रेडर बीम, म्हणजे साखळ्या सरळ खाली सोडणारा आडवा दांडा, मागा. साखळ्या तिरक्या लावल्या तर वरचे कोपरे आत दाबले जातात. ट्रेलरवर चारही ट्विस्टलॉक लागल्याचं स्वतः बघा.

नव्या जागी पेटी फक्त चार कोपऱ्यांवर टेकवायची, जमिनीपासून निदान फूटभर वर. चारही ठोकळ्यांची पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने आधीच जुळवून घ्या. उतरवल्यावर पहिल्यांदा मूळ दारं उघडून बघा. अडकत असतील तर पेटी पिळली गेली आहे, एका कोपऱ्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवून ती सरळ करा. वाऱ्याची जागा असेल तर खालचे कोपरे जमिनीतल्या अँकरला बांधा. मग अर्थिंगचा रॉड, मग पाणी. गॅस शेवटी, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून, बुडबुडा येत नाही हे बघितल्यावरच.