पर्ल म्हणते फाइल बंद, पण ती उघडलीच कुठं होती?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगवर मी काटापट्ट्यांचा हिशेब सांभाळतो. काट्यावरच्या विंडोजमधून रोजच्या फाइली आणि त्यांच्या नावांची एक यादी पेनड्राइव्हवर येते. माझी लिनक्सवरची स्क्रिप्ट (पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा प्रोग्राम) त्या वाचून क्विंटलची बेरीज करते. दिवाळीनंतरची गोष्ट. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, अन् स्क्रीनवर आवक शून्य. दिवाणजी म्हणाले, "काहून गा, आज कापूस आलाच नाही का?" बेरजेच्या वर एक ओळ होती: 'रीडलाइन ऑन क्लोज्ड फाइलहँडल', ओळ 14. म्हणजे बंद फाइलमधून ओळ वाचायला गेलास.

ओळ 14 वर अर्धा तास डोकं फोडलं. तिथं नुसतं वाचन होतं. भाऊ, ही वॉर्निंग आली की आधी वरची 'ओपन'ची, म्हणजे फाइल उघडायची ओळ बघा. ओपन फसलं तरी पर्ल थांबत नाही. हँडल (स्क्रिप्टमध्ये फाइल ज्या नावानं धरतो ते) असतं, त्याच्यामागं फाइल नसते. लूप एकदाही फिरत नाही, बेरीज शून्य. 'क्लोज्ड'ऐवजी 'अनओपन्ड' आलं, तर बहुतेक वेळा हँडलचं नावच चुकीचं टाइप झालेलं असतं.

म्हणून ओपनच्या शेवटी 'ऑर डाय' लावा, म्हणजे 'नाहीतर मजकूर दाखवून थांब'. डायच्या मजकुरात फाइलचं नाव चौकटी कंसात घाला, पुढं $! लिहा, सिस्टिमनं दिलेलं कारण त्यात असतं. 'ऑर' अक्षरांतच लिहा. मी त्याच अर्थाचं चिन्ह || लिहिलं होतं, ओपनला कंस न देता. ते नुसत्या फाइलच्या नावाला चिकटतं, अन् डायची पाळीच येत नाही.

ते बदललं तर ओळ आली अशी: '] नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. सुरुवातीचा कंस नाही, फाइलचं नावही नाही! दहा मिनिटं मी कीबोर्डलाच शिव्या दिल्या. विंडोज ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन असे दोन वर्ण ठेवतं. लिनक्सवर 'चॉम्प' (ओळीचा शेवट छाटणारी पर्लची आज्ञा) फक्त न्यूलाइन काढते. यादीतल्या नावाला कॅरेज रिटर्न चिकटून राहिला, तशा नावाची फाइल पेनड्राइव्हवर कुठून असणार? वरून त्यानंच कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला, म्हणून पुढचा मजकूर नावावर चढला. चॉम्पच्या जागी दोन्ही वर्ण उडवणारं सब्स्टिट्यूशन (शोधून बदलायची आज्ञा) टाकलं, आवक दिसली.

नवीन स्क्रिप्ट लिहीत असाल तर वरतीच 'यूज ऑटोडाय' टाका. पर्ल 5.10.1 पासून ते सोबतच येतं, अन् ओपन फसलं की स्क्रिप्ट आपोआप थांबते. माझी जुनी मात्र मी 'ऑर डाय'वरच ठेवली आहे, चौकटी कंसासकट.