साथीला बसलेल्या पियानोवादकाची यादी कशी करावी

हरिनाम सप्ताहाची पत्रिका आठवा. वर कीर्तनकारांचे फोटो असतात, पण खाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, पेटीवादक, विणेकरी, चोपदार सगळ्यांची नावं ओळीने छापलेली असतात, आणि कुठल्या दिवशी कुणाची सेवा हेही असतं. जॅझमध्ये दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर साथ करत आयुष्य काढलेल्या पियानोवादकाचं काम कळायचं असेल, तर त्याची अशी पत्रिका आपणच तयार करावी लागते. परभणीत बसून मी अशा बऱ्याच केल्या. इथे उदाहरणाला टॉमी फ्लॅनगन घेतो : जन्म १९३० चा, डेट्रॉईटचा, गेला २००१ मध्ये, न्यूयॉर्कला.

वही घ्या किंवा एक्सेल उघडा. तारीख, स्टुडिओ, बैठक (म्हणजे रेकॉर्डसाठी एकत्र वाजवण्याची वेळ) कुणाच्या नावावर, रचना, पियानोवर कोण, बाकी साथीदार, कुठल्या रेकॉर्डवर आली, एवढे रकाने पुरतात.

आता एक गोष्ट पक्की धरा. एक ओळ म्हणजे एक रचना. ‘एक अल्बम, एक ओळ’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. सगळी यादी तिथेच बिघडते.

तारखेच्या रकान्यात वाजवल्याची तारीख लिहा, रेकॉर्ड बाजारात आल्याची नव्हे. गिटारवादक केनी बरेल आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या बैठकीत फ्लॅनगन मार्च १९५८ मध्ये वाजवतो, पण ती रेकॉर्ड आली १९६३ मध्ये. छापील वर्ष धरलंत तर कोल्ट्रेन स्वतःची चौकडी घेऊन कुठल्या कुठे गेला असताना हा असा जुन्या ढंगात का वाजवतोय, असं वाटत राहील. मोबाईलच्या अ‍ॅपवर दिसणारं वर्ष तर कधीकधी नव्या छपाईचं असतं. ते लिहूच नका.

आता अवघड काम : पियानोवर नक्की कोण आहे?

इथे मी फसलो होतो. कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ मला एका मित्राच्या पेनड्राइव्हवर मिळाली, कव्हर हातात नव्हतं. पियानोवर फ्लॅनगन एवढंच माहीत होतं, म्हणून सातही रचना त्याच्या नावावर लिहून मोकळा झालो. त्यातली ‘नाईमा’ मला फार आवडायची. कोल्ट्रेन तिच्यात फक्त मूळ धून वाजवतो. मधला विस्तार पियानोचा आहे, आणि खाली बास एकेक स्वर धरून राहतो. फ्लॅनगनची साथ म्हणजे काय हे सांगताना मी दोन वर्षं लोकांना हीच ऐकवत होतो. तो फ्लॅनगन नाहीच. बाकीच्या सहा रचना ४ आणि ५ मे १९५९ च्या, त्यांत फ्लॅनगन आहे. ‘नाईमा’ २ डिसेंबरची, आणि पियानोवर विंटन केली. ड्रमवरही आर्ट टेलरऐवजी जिमी कॉब. ज्या माणसाची वाहवा करत होतो ती भलत्याच्याच पदरात घातली, आणि केलीचं श्रेय बुडवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नियम असा : एका रेकॉर्डवर एकच बैठक आहे, असं कधीही गृहीत धरू नका. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘कलेक्टर्स आयटम्स’ बघा. एक बाजू १९५३ ची, पियानोवर वॉल्टर बिशप धाकटा. दुसरी बाजू १६ मार्च १९५६ ची, तिथे फ्लॅनगन. त्या दिवशी त्याला सव्विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. पहिल्या बाजूवर टेनर सॅक्सोफोन वाजवणारा ‘चार्ली चॅन’ म्हणजे खरं तर चार्ली पार्कर, तेव्हा छापलेलं नावसुद्धा डोळे झाकून घ्यायचं नाही. डेव्हिसच्याच ‘काइंड ऑफ ब्लू’ची यादी करणाऱ्यांनाही हेच सांगणं : पाचपैकी ‘फ्रेडी फ्रीलोडर’ तेवढी केलीची, उरलेल्या चार बिल एव्हान्सच्या.

कानावर भिस्त ठेवावी का? शंका घेण्यापुरती. बास आणि ड्रम बदलल्यासारखे वाटले की थांबा आणि त्या रचनेची तारीख शोधा. साथीदार बदलले म्हणजे बैठक बहुधा वेगळी. पण नुसत्या कानाने नाव ठरवून लिहू नका. तारीख आणि त्या दिवशीच्या वादकांची नावं दोन वेगळ्या ठिकाणी जुळली, तरच शाईने लिहा. तोवर पेन्सिल. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याचीच नक्कल उतरलेली असेल तर ते एकच ठिकाण धरा.

दुसरा फास नावांचा. १९८२ मध्ये फ्लॅनगनने स्वतःच्या त्रिकुटासह ‘जायंट स्टेप्स’ याच नावाची रेकॉर्ड केली. तिच्या ओळी वेगळ्या. शिवाय १९५९ च्या रचनांचे आधीचे, बाजूला ठेवलेले टेक (एकाच रचनेची वेगवेगळ्या वेळी वाजवून घेतलेली रूपं) पुढे प्रसिद्ध झाले. त्यांतल्या काहींत पियानोवर सेडर वॉल्टन आहे. प्रत्येक टेकला स्वतंत्र ओळ द्या, कंटाळा करू नका.

गायिका एला फिट्झजेराल्डबरोबरची वर्षं (१९६३ ते ६५, मग १९६८ ते ७८) सोपी आहेत, मैफिलींच्या तारखा बहुतेक छापलेल्या असतात. त्यानंतरची त्याच्या स्वतःच्या त्रिकुटाची तर आणखी सोपी.

यादी झाली की तारखेप्रमाणे लावा आणि त्याच क्रमाने ऐका. २२ जून १९५६ ला हॅकेनसॅकमध्ये, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात झालेली सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ऐका. मग ऑगस्ट १९५७ ची, स्टॉकहोममध्ये स्वतःच्या नावावर केलेली ‘ओव्हरसीज’. त्यानंतर ‘जायंट स्टेप्स’ची मुख्य रचना. त्या भरधाव रचनेत त्याचा हात सुट्या स्वरांनी सुरुवात करतो, अडखळतो आणि शेवटी नुसते कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) धरतो. लगेच गिटारवादक वेस माँटगोमेरीबरोबरची जानेवारी १९६० ची बैठक लावा. आठ-नऊ महिन्यांचं अंतर, आणि हात पुन्हा मोकळा. मे महिन्यात त्याची बोटं कमी पडली नव्हती, ती चालच सगळ्यांना नवी होती, हे मला याच क्रमाने ऐकल्यावर कळलं.

ज्या ओळींत पियानोवाल्याचं नाव जुळत नाही, तो रकाना कोरा ठेवा. माझ्या वहीत अजून अकरा कोरे आहेत.