क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि घरातलं सामान : जप्तीपासून काय, कसं वाचवायचं

दारात उभा राहून कुणी "टीव्ही उचलून नेऊ" म्हणाला की घरातले घाबरतात आणि कुणाकडून तरी उसने पैसे आणून त्याच्या हातावर ठेवतात. तसं करू नका. क्रेडिट कार्डाचं कर्ज विनातारण असतं. वसुली एजंटला तुमच्या घरातली वाटीसुद्धा उचलायचा अधिकार नाही. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन आला तर वेळ टिपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

कोर्टाचं समन्स आलं तर घ्या. "घेतलंच नाही तर लागू होत नाही" असं सांगणाऱ्यांनी अनेक घरं अडचणीत आणली आहेत. समन्स दारावर चिकटवलं तरी चालतं आणि मग हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) एकतर्फी, म्हणजे तुमचं न ऐकताच होतो. समरी दावा (झटपट चालणारा पैशांचा दावा) असेल तर हजर व्हायला दहाच दिवस मिळतात. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

हुकूमनाम्यानंतर बँक दरखास्त (वसुलीसाठी कोर्टात अर्ज) लावते आणि बेलीफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी, वॉरंट घेऊन येतो. सूर्यास्तानंतर तो घरात शिरू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र आणि कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. टीव्ही, फ्रिज, सोफा मात्र होऊ शकतात.

खरी गोची पुढे आहे. कर्ज एकाचं आणि सामान घरात सगळ्यांचं. माझ्या धाकट्या भावाच्या कार्डापायी बेलीफने पंचनाम्यात आईची शिलाई मशीन लिहिली. मशीन भावाची नव्हतीच, म्हणून अवजारांची सूट आमच्या उपयोगाची नव्हती. भावानेच अर्ज दिला की ही वस्तू माझी नाही. तो टिकला नाही. ज्याची वस्तू त्यानेच त्याच संहितेच्या आदेश 21, नियम 58 खाली हरकत घ्यावी लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात तीन आठवडे गेले आणि लिलावाची तारीख अंगावर आली. वस्तू विकली गेली की ही हरकत घेता येत नाही, आणि विनाकारण उशीर केला तरी कोर्ट ती ऐकत नाही. म्हणून पंचनाम्याची नक्कल लगेच मागा आणि त्याच आठवड्यात अर्ज द्या.

पुरावा हवाच. "ही माझी आहे" एवढं म्हणून भागत नाही. आईच्या बटणांच्या डब्यात तळाशी दुकानाच्या शिक्क्याचं वॉरंटी कार्ड सापडलं, त्यावर तिचं नाव होतं. सोबत तिचं प्रतिज्ञापत्र आणि दुरुस्तीच्या दोन पावत्या जोडल्या, तेव्हा मशीन सुटली. आजच घरातली बिलं काढून बघा. ज्याने पैसे दिले त्याचं नाव बिलावर आहे का, पैसे त्याच्या खात्यातून गेले आहेत का, ते तपासा आणि सगळं एका फाईलमध्ये ठेवा.

मागच्या तारखेचं बिल बनवून घेऊ नका आणि सामान रातोरात मेव्हण्याकडे हलवू नका. कोर्टाच्या ते लक्षात आलं तर खरी हरकतही खोटी वाटते, वर फौजदारी मागे लागते ती वेगळी. मी स्पष्ट सांगते, असल्या माणसासाठी मी अर्ज लिहून देत नाही.

पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे 31,000 पगार असेल तर 21,000 तुमचे. भविष्य निर्वाह निधीलाही हात लागत नाही. पगाराचं खातं मात्र कार्ड असलेल्या बँकेतच असेल तर ते आधी दुसरीकडे हलवा, कारण तीच बँक त्या खात्यातून थकबाकी परस्पर वळती करून घेऊ शकते.