गच्चीवरची मेथी, शिवारातला कांदा: नाशिकच्या सोसायटीत सामायिक भाजीबाग कशी सुरू करावी

सोसायटीची भाजीबाग सुरू करायची म्हटलं की पाय आधी रोपवाटिकेकडे वळतात. तिकडे घाईने जाऊ नका. सुरुवात फेब्रुवारीत, झाडांखालच्या पाचोळ्यापासून करा. त्या दिवसांत शिरीष, पिंपळ, बदाम भराभर पानं गाळतात आणि कॉलन्यांमध्ये ती झाडून पेटवली जातात. ती कोरडी पानं गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवा. जुलैत, सगळं ओलंचिंब असताना, खत सडण्यापासून तीच वाचवतात.

एक गोष्ट आधीच मनाशी नक्की करा. गच्चीवर वीस कुटुंबांची सगळी भाजी पिकत नाही. पालेभाज्या, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गवती चहा, थोडी वांगी, थोडे टोमॅटो एवढं नीट येतं. बाकीच्यासाठी आपल्याला शेतकरीच लागतो, आणि नाशिकइतका जवळ शेतकरी असलेली शहरं थोडी. लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंत आणि गिरणाऱ्याचा टोमॅटो, मुंबईला रोज जाणारी कोथिंबीर हे सगळं आपल्या वेशीवर पिकतं. तरी इंदिरानगरातल्या घरात आलेली जुडी कुणी पिकवली, हे त्या घराला माहीत नसतं. मला वाटतं, बाग आणि शेतकऱ्याकडून थेट खरेदी ही दोन्ही कामं एकाच गटाने करावीत. ज्याने मेथीचा एक वाफा महिनाभर सांभाळला आहे, तो शेतकऱ्याशी भाव करताना वेगळा बोलतो.

मार्च: आधी माणसं, मग परवानगी

सगळ्या सोसायटीला एकदम सामील करायला जाऊ नका. मनापासून हवं असलेली पाच-सहा घरं पुरेत. त्यात निदान दोन माणसं अशी हवीत जी मे महिन्यात गावाला जात नाहीत. बागा कीड पडून जितक्या मरतात त्याहून जास्त मे महिन्याच्या सुट्टीत मरतात. पाणी घालण्याची पाळी कागदावर लिहा, लिफ्टजवळ लावा आणि प्रत्येक दिवसाला एक नाव व एक बदली नाव ठेवा.

मग सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला भेटा. सचिवांच्याही आधी. गच्चीवर माती म्हटलं की गळतीची भीती त्यांनाच असते आणि ती रास्त आहे. त्यांना सांगा की माती थेट स्लॅबवर टाकणार नाही, प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवू, पाणी जायच्या पन्हळीची तोंडं मोकळी ठेवू, आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग तपासून घेऊ. हे बोललात तेवढं करा. त्यानंतर सर्वसाधारण सभेत ठराव मांडा आणि जागा किती, पाणी कुठलं, खर्च कुणाचा हे इतिवृत्तात लिहून घ्या. समिती बदलली तरी कागद राहतो.

वजनाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. लोकांना ये-जा करता येईल अशी सपाट गच्ची भारतीय मानकाप्रमाणे साधारणपणे दर चौरस मीटरला 150 किलो वापराचा भार धरून आखलेली असते. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर तेवढ्याच जागेत 500 किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे गच्चीवर सरसकट मातीचे वाफे करणं धोक्याचंच. आपली काळी माती तर पाणी धरून फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीत मुळांना गुदमरवते. ती मिश्रणात फार तर चौथा हिस्सा घ्या. बाकी घरचं खत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बारीक केलेला पाचोळा, रसवंतीवरचा उसाचा वाळवलेला चोथा.

भांडं म्हणून टोमॅटोचं जुनं प्लास्टिकचं कॅरेट मला सर्वांत आवडतं. बाजार समितीच्या आसपास ते जुन्या मालाच्या भावात मिळतं, आत शेडनेटचा तुकडा अंथरला की माती गळत नाही आणि हवा चारी बाजूंनी मिळते. हलक्या मिश्रणाने भरलेलं कॅरेट दोन माणसं सहज उचलतात. कॅरेटं कठड्याच्या कडेने आणि खाली तुळया असतील त्या रेषेत मांडा, मध्ये चालायला वाट सोडा. मांडणीचा कागद एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. इमारत जुनी असेल तर दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नका. पार्किंगशेजारी किंवा कुंपणालगत जमिनीवर जागा मिळत असेल तर गच्चीपेक्षा ती बरी. ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवं.

एप्रिल: ओल्या कचऱ्याचं खत

घरोघरी घंटागाडी नाशिकने फार लवकर सुरू केली, त्यामुळे ओला-सुका वेगळा करायची सवय इथे नवी नाही. सहभागी घरांचा फक्त ओला कचरा गच्चीवर किंवा खाली एका कोपऱ्यात आणायचा आहे.

भोकं पाडलेले दोन मोठे ड्रम किंवा विटांचे जाळीदार दोन हौद घ्या. एक भरत असताना दुसरा मुरतो. तळाला नारळाच्या शेंड्या आणि काटक्या. मग रोज ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर त्याच्या दुप्पट आकारमानाचा पाचोळा. सुरुवातीला मूठभर जुनं शेणखत किंवा आंबट ताक शिंपडलं की काम लवकर धरतं. आठवड्यातून एकदा वरखाली करा. मूठभर मिश्रण दाबून बघा: हात ओलसर झाला पण पाणी ठिबकलं नाही तर ओल बरोबर आहे. पाणी गळलं तर पाचोळा वाढवा, भुरभुरलं तर पाणी शिंपडा. वास येतो आहे याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो, कोरडा माल कमी पडला. शिजलेलं अन्न, तेलकट उरलंसुरलं, मांस-मासे यात घालू नका, उंदीर येतात. देवघरातलं आणि गणपतीतलं निर्माल्य चालतं, फक्त दोरे, प्लास्टिक आणि चमकी काढून.

दीड-दोन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारं खत मिळतं. वजन फार घटतं. 10 किलो ओल्या कचऱ्यातून दीड-दोन किलो हाती येतं, म्हणून एप्रिलमध्ये सुरू केलं तरच जूनला थोडं खत हाताशी असतं.

जूनपासून: काय, कधी

पहिला पाऊस स्थिरावला की भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं. वेलांना कठड्यावर जाळी बांधा. पहिल्या वर्षी यातली दोन-तीनच पिकं घ्या.

खरा हंगाम दसऱ्यानंतर. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, आणि तीच थंडी पालेभाजीला मानवते. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, टोमॅटो, वांगी सगळं या दिवसांत चांगलं येतं. मेथी पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येते, त्यामुळे नव्या माणसाचा हुरूप टिकवायला तिच्याइतकं चांगलं पीक नाही. कोथिंबिरीचे धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवून पेरा. एकाच दिवशी सगळी कॅरेटं पेरू नका. दर आठवड्याला दोन-दोन पेरलीत तर भाजी अखंड मिळते. भेंडी, गवार मात्र थंडीत रुसतात. त्या पुन्हा फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये निम्मी सावली देणारी शेडनेट, कुंडीत वर पाचोळ्याचं आच्छादन आणि तांदुळजा, चवळई, काकडी एवढ्यावर समाधान माना.

किडीचं थोडक्यात. मावा आणि पिठ्या ढेकूण दिसले की आधी पाण्याच्या धारेने धुवा, जास्त झालेली फांदी कापा. मग निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, गाळा, किंचित साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा.

बियाणं सरळ वाणाचं घ्या, संकरित नको. संकरित वाणाच्या फळातलं बी पेरलं तर पुढचं झाड तसंच येईल याचा भरवसा नसतो. इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं घरात जपली, वाटली, आणि 2020 च्या पद्मश्रीने देशाने त्याची दखल घेतली. आपण निदान वाल, चवळी, मेथी आणि एखाद्या गावठी टोमॅटोचं बी राखूच शकतो. परपरागीकरणाची, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग येऊन वाण मिसळण्याची, भानगड या पिकांत कमी, म्हणून सुरुवात यांच्यापासून. सर्वांत निरोगी झाडाची फळं तोडायची नाहीत असं ठरवून त्याला रंगीत दोरा बांधा. बी सावलीत खडखडीत वाळवा, राखेत मिसळून काचेच्या बरणीत ठेवा, बरणीवर वाण आणि महिना लिहा. वाणांबद्दल शंका असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या आवारातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

वाटणी

भांडणं इथे होतात. नियम साधा ठेवा: रोज येता-जाता तोडायचं नाही, तोडणी रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. आलेल्या मालाचे समान वाटे. एक वाटा वॉचमनचा आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचा. पाणी तेही घालतात, आणि कित्येकदा शेतीतलं त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळतं. त्यांना विचारत जा.

गच्चीवर न पिकणारं: शेतकऱ्याशी थेट व्यवहार

पहिली सामूहिक खरेदी भाजीची करू नका. उन्हाळ कांद्याची करा. रब्बीचा हा कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत चार-सहा महिने टिकतो. पावसाळी लाल कांदा तसा टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये निफाड, चांदवड, येवल्याकडच्या एका शेतकऱ्याकडून पंधरा-वीस घरांची मागणी एकत्र केली की त्याला टेम्पो आणणं परवडतं, नासाडीचा धोका नाही, दर आठवड्याची धावपळ नाही. घरी कांदा हवेशीर जागी जाळीच्या गोणीत ठेवा, आठवड्याला एकदा निवडा.

दुसरी खरेदी दिवाळीनंतर. इगतपुरी-त्र्यंबककडचा इंद्रायणी तांदूळ, पेठ-सुरगाण्याची नागली आणि वरई तेव्हा नवी येते. आदिवासी पट्ट्यातले हे शेतकरी बऱ्याचदा थोडाथोडा माल घेऊन बाजाराला येतात आणि व्यापारी देईल तो भाव घेऊन परततात. आपली पन्नास-शंभर किलोंची एकत्र मागणी त्यांच्यासाठी मोठी असते. पावसाळ्यात त्यांच्याचकडून कंटोली, शेवळा, कुरडू या रानभाज्या मिळतात. शेवळा घशाला खाजतो, तेव्हा तो कसा रांधायचा हे विकणाऱ्या बाईंनाच विचारून घ्या.

हे दोन व्यवहार सुरळीत झाले की आठवड्याच्या भाजीकडे या. राज्य सरकारने 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, त्यामुळे शेतकरी बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकू शकतो. शेतकरी शोधायला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात फिरा, स्वतःचा माल घेऊन बसलेल्यांशी बोला. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या रूपाने शेतकरी एकत्र येऊन मोठी कंपनी उभी करू शकतात हे दिसलंच आहे. ग्राहकांनीही त्याच तयारीने एकत्र यायला हवं.

‘सेंद्रिय’ म्हणून कुणी विकत असेल तर कागद कोणता आहे ते विचारा. पीजीएस-इंडिया या सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राच्या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. छोट्या शेतकऱ्याला झेपणारं प्रमाणपत्र ते हेच. प्रमाणपत्र नसेल तर शेत बघायला जा आणि फवारणीची वही मागा: शेवटची फवारणी कधी, कशाची, त्यानंतर किती दिवसांनी तोडणी. जो वही दाखवतो, त्याच्याकडून मी निर्धास्त घेईन, मग त्याने एखादी रासायनिक फवारणी केलेली असली तरी.

रोजच्या मंडीभावाने व्यवहार ठेवू नका. तीन महिन्यांचा एक ठरीव दर बसवा, शेतकऱ्याचा उत्पादनखर्च, तोडणी, वाहतूक त्याच्याकडून समजून घेऊन. बाजार कोसळेल तेव्हा हा दर महाग वाटेल आणि घरात कुणीतरी म्हणेल, ‘खाली गाडीवर निम्म्यात मिळतंय.’ त्या आठवड्यात मागे हटू नका. मेथीची जुडी काढणीच्या मजुरीलाही पुरत नाही म्हणून उभ्या पिकात नांगर घातल्याचं आपण ऐकतो, ते त्याच आठवड्यांत. मागणी दोन दिवस आधी नोंदवा, पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्या, रिकामी कॅरेटं परत करा.

आणि गारपिटीचं आधीच बोलून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती आपल्याकडे होतेच. करारात दोन ओळी पुरतात: माल बुडाला तर त्या आठवड्याची आगाऊ रक्कम परत मागायची नाही, ती पुढच्या हंगामाच्या मालात वळती करायची, आणि डागाळलेली, फुटकी पण खाण्याजोगी भाजी कमी दराने सगळ्या घरांनी वाटून घ्यायची.