आमसूल, सोलं की कोकम? गिऱ्हाइकाचा शब्द कसा शोधायचा

कुडाळजवळ आमची रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडायचे, सालं रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवायची, मीठ घालून आगळ म्हणजे खारा रस काढायचा, हे काम सासूबाईंकडून माझ्याकडे आलं. वेबसाइट मात्र मी सुरू केली. तिच्यावर पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ‘घरची सोलं मिळतील’. वाळवलेल्या सालांना आमच्याकडे सोलंच म्हणतात. वर्ष गेलं, पुण्या-नाशिकहून एकही ऑर्डर नाही. तिकडची माणसं गूगलवर ‘आमसूल’ लिहितात. ‘सोलं’ म्हणणाऱ्याच्या घरी गावाहून डबा आलेलाच असतो.

गिऱ्हाईक गूगलवर जो शब्द लिहितं तो कीवर्ड; तो शोधायचा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. घरगुती माल विकणाऱ्या कुणालाही हे जमेल, पैसेही लागत नाहीत. मी कसं करते ते सांगते.

आधी वही घ्या. फोनवर, व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाईक जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत उतरवा, सुधारून लिहू नका. माझ्या वहीत आहे: ‘सोलकढीला आगळ घेऊ की आमसूल?’, ‘आगळ फ्रिजबाहेर टिकतं का?’, ‘साखर न घातलेलं कोकम सरबत आहे का?’, ‘आगळ म्हणजेच सरबत ना?’ हा शेवटचा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की मी त्यावर वेगळं पानच लिहिलं. आगळात मीठ असतं, अमृत कोकमात म्हणजे सरबताच्या पाकात साखर. आगळालाच सरबत समजून कुणी पेलाभर ओतून घेतलं तर तोंड खारट होणार आणि ते माणूस परत येणार नाही. असा प्रश्न हा सगळ्यात चांगला कीवर्ड, कारण विचारणाऱ्याला वस्तू हवीच असते, फक्त अडलेलं असतं.

मग एकेक शब्द गूगलच्या खिडकीत टाका आणि खाली काय सुचवलं जातं ते पाहा. फोनच्या ब्राउझरमध्ये खाजगी टॅब उघडून करा, नाहीतर तुमच्याच जुन्या शोधांचा रंग त्यात उतरतो. देवनागरीत करून झालं की इंग्रजी अक्षरांत करा. आपली बरीच माणसं मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवरच लिहितात. कोकमाचं स्पेलिंग कुणी शेवटी ‘यूएम’ लावून करतं, कुणी ‘एएम’. आमसूल कुणी दीर्घ लिहितं, कुणी ऱ्हस्व. ही सगळी रूपं वहीत घ्या, पण प्रत्येक रूपासाठी वेगळं पान काढत बसू नका. एका गरजेला एक पान पुरतं.

इथे एक अनुभव सांगते. सुरुवातीला एकाने पैसे घेऊन मला तीनशे कीवर्डांची यादी दिली होती. त्यात निम्मे शब्द ‘गार्सिनिया’ आणि वजन कमी करण्याचे. आमचं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. वजनाच्या गोळ्यांसाठी विकतात ती गार्सिनिया कंबोजिया, झाडच वेगळं. महिनाभर मला गोळ्या मागणारे फोन आले. शिवाय त्याने ते तीनशे शब्द साइटच्या ‘मेटा कीवर्ड’ टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडातल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दयादीत भरले होते. क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही पाहत नाही, हे गूगलने 2009 सालीच जाहीर केलं आहे. राग आला, आणि पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटलं ते ज्या बायका मोठ्या आशेने फोन करत होत्या त्यांचं.

म्हणून प्रत्येक शब्द गूगलवर टाकून निकालांचं पहिलं पान स्वतः वाचा. ‘कोकम सरबत’ टाकल्यावर वर पाककृती आणि व्हिडिओच दिसत असतील तर शोधणाऱ्याला कृती हवी आहे. तिथे विक्रीचं पान ढकलून उपयोग नाही, कृती लिहा आणि खाली आगळाची लिंक द्या. ‘आमसूल किलो भाव’ शोधणाऱ्याला मात्र भावच दाखवा, पानाच्या वरच्या भागात.

कोणता शब्द किती शोधला जातो याचे आकडे हवेत तर गूगल अॅड्सचं, म्हणजे गूगलवर जाहिरात देण्याचं खातं काढून त्यातलं कीवर्ड प्लॅनर उघडा. ठिकाण महाराष्ट्र निवडा. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर आकडे ढोबळ दिसतात, म्हणजे ‘100 ते 1 हजार’ असे. तेवढे पुरतात. त्यातल्या ‘स्पर्धा’ या रकान्याने मी फसले होते: ती जाहिरात देणाऱ्यांमधली चढाओढ असते. जाहिरातीविना वर येणं किती अवघड आहे, ते त्यावरून कळत नाही.

शब्दाचा शोध कधी वाढतो, कधी घटतो ते गूगल ट्रेंड्स दाखवतं; तिथे हंगाम पाहा. तिथला 0 ते 100 हा आकडा शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातला सगळ्यात चढा बिंदू म्हणजे 100, बाकी त्याच्या तुलनेत. सरबताची मागणी उन्हाबरोबर चढते, आणि नवं पान गूगलच्या नजरेत भरायला वेळ लागतो. म्हणून मी सरबताचं पान जानेवारीत लिहिते. मे महिन्यात लिहायला घेतलं तर हात रातांब्याच्या रसाने लाल झालेले असतात, शिवाय उशीरही झालेला असतो.

शब्द पानाच्या शीर्षकात एकदा, पहिल्या परिच्छेदात एकदा, पुढे बोलताना येईल तसा. ‘आमसूल, ज्याला कोकणात आम्ही सोलं म्हणतो’ असं एक वाक्य लिहिलं की दोन्हीकडची माणसं आपली वाटतात. औषधी गुणांचे दावे मी लिहीत नाही. ते शब्द कितीही शोधले जात असले तरी मला त्यांची खात्री देता येत नाही.

दोन-तीन महिन्यांनी सर्च कन्सोल उघडा; आपली साइट गूगलवर कोणत्या शब्दांना दिसली ते गूगल तिथे दाखवतं. ते फुकट आहे, मागच्या 16 महिन्यांचं दिसतं. ‘क्वेरीज’मध्ये, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या यादीत, असे शब्द शोधा ज्यांवर तुमचं पान खूपदा दिसलं पण क्लिक थोडे आले. तिथे आधी शीर्षक बदला. सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या मधला असेल तर त्या पानात वहीतला आणखी एक प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर घाला. माझ्या आगळाच्या पानावर अशीच भर पडत गेली: बाटली किती मिलीची, सहा जणांच्या सोलकढीला किती चमचे, मीठ वरून घालायचं की नाही. आणि यादीत कधीच न लिहिलेला शब्द दिसला तर तो वहीत उतरवा. गोव्याच्या बाजूने ‘भिरंड’, म्हणजे कोकमच, शोधत कुणीतरी आलं होतं, ते मला तिथेच दिसलं. त्या शब्दासाठीचा मजकूर आता मी लिहिते आहे.