सोनघंटा लावताय? या चुका टाळा

दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की मला निरोप येतात, "सोनघंटेचं रोप कुठे मिळेल?" आणि दिवाळीनंतर त्याच लोकांचे निरोप, "मेलं." म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सोनघंटा, म्हणजे अॅब्युटिलॉन रानडेई, हे भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं झुडूप. जगात फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत, तेही आंबा घाटासारख्या मोजक्या ठिकाणी. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या रानड्यांचं नाव त्याला 1894 साली मिळालं. हिवाळ्यात पिवळ्या-केशरी घंटा लटकतात, पाकळ्यांवर लालसर शिरा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, ती म्हणजे फुलाचा फोटो बघून रोप घेणं. काही वर्षांपूर्वी एका ट्रेकिंग ग्रुपने मला "गडावर सोनघंटा रोपण" कार्यक्रमाला बोलावलं. बॅनर, टोप्या, श्रीफळ, सगळं तयार. टेम्पोतून चाळीस रोपं उतरली आणि माझ्या पोटात गोळा आला. सगळी पानं पंज्यासारखी, तीन-तीन बोटं फुटलेली. हे दक्षिण अमेरिकेतलं बागेतलं झुडूप, नर्सरीत चायनीज लँटर्न म्हणून मिळतं. त्याचंही फूल केशरी, शिरा लाल, फोटोत कोणीही फसेल. आपल्या सोनघंटेचं पान मात्र पिंपळाची आठवण यावी असं, बदामी, टोकाला निमुळतं, त्याला बोटं फुटत नाहीत. नर्सरीवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, "साहेब, घंटा आहे, सोनेरी आहे, अजून काय पाहिजे?" रोपं परत टेम्पोत चढवली. नारळ फोडून झाला होता, तो खाल्ला. त्या ग्रुपमधले निम्मे लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण गडावर परदेशी झुडूप लावून टाळ्या घेण्यापेक्षा ते बरं. पावसाळ्यात फूल नसतं, तेव्हा पान बघा. आणि रोप देणाऱ्याला विचारा, बी कुठल्या झाडाचं? तो गडबडला तर सरळ घरी या.

जंगलातून रोप उपटून आणू नका. मोजून झाडं उरलेल्या उतारावरचं एक कमी करून गच्चीवर मारायचं, याला संवर्धन म्हणायला जीभ रेटत नाही. अभयारण्य असेल तर तो गुन्हाही आहे.

फोटो टाकताना लोकेशन बंद. घाटाचं नाव पुरे, वळणाचा नंबर नको.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे बी. कवच टणक, पाणी आत शिरत नाही. लोक कुंडीत पेरतात, आठवडाभर वाट बघतात, मग रोज बोटाने उकरून बघतात. "आलं का?" कसं येईल, तुम्ही त्याला झोपू तरी देताय का? मला ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या बागेतल्या झाडाच्या सात बिया दिल्या होत्या. बारीक सँडपेपरवर प्रत्येक बी खाचेच्या उलट बाजूला दोन-तीनदा घासली, चकाकी जाईपर्यंतच. रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी चार टम्म फुगल्या, त्या पेरल्या. तीन होत्या तशाच कोरड्या ठणठणीत, त्या पुन्हा घासल्या. उकळत्या पाण्याचा शॉर्टकट सांगणारे भेटतील, त्यांना बियांची उसळ आवडत असावी.

कुंडी प्लास्टिकची नको. लाल माती, पालापाचोळ्याचं खत, जाडी वाळू, आणि पाणी माती वरून सुकल्यावरच. हे उताराचं झाड आहे, पायाशी डबकं त्याला चालत नाही.

कोवळ्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण येतो. मी दातांच्या जुन्या ब्रशने काढतो. फवारणी नाही.

शेवटची चूक मी स्वतः केली. फुलं संपली की झुडूप अगदी रानगवतासारखं दिसतं. माझं पहिलं झाड सोसायटीच्या माळ्याने साफसफाईत कापून टाकलं आणि वर चहाही मागितला. तेव्हापासून मी बुंध्याला लाल फडकं बांधून ठेवतो. आता माळी कोयता लांबूनच फिरवतो आणि तळमजल्यावरच्या काकू येता-जाता हात जोडतात.