बडी हॉली ऐकायचा कसा

अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक बडी हॉलीच्या निवडक हिट गाण्यांची सीडी सलग लावू नका, सगळं एकाच साच्यातलं वाटतं. तारखेच्या क्रमाने जा. हाताशी मुख्यतः दोनच वर्षं आहेत, 1957 आणि 1958; फेब्रुवारी 1959 मध्ये विमान पडून गेला तेव्हा गडी अवघा 22 वर्षांचा होता.

आधी 'दॅटल बी द डे' ऐकून घ्या, मग हेडफोन लावून 'एव्हरीडे'. त्यात ड्रम शोधू नका. त्याचा ड्रमर जेरी अ‍ॅलिसन चक्क मांडीवर थापा मारतोय! वर ती किणकिण सेलेस्टाची (पियानोसारखं, घंट्यांच्या आवाजाचं वाद्य), निर्माता नॉर्मन पेटीची बायको वाजवतेय. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावातला हा पेटीचाच स्टुडिओ. लगोलग 'वर्ड्स ऑफ लव्ह' लावा: बडीच्या आवाजाला साथ बडीचीच.

निर्माता बडी ऐकायचा तर गायक वेलन जेनिंग्जचं 'जोल ब्लाँ', बडीनं निर्माण केलेलं. गाणं यथातथाच, पण किंग कर्टिसचा सॅक्सोफोन सोडू नका. शेवटी 'ट्रू लव्ह वेज', व्हायोलिनांसकट.

बडीनं घरी टेप केलेल्या गाण्यांना त्याच्या माघारी इतरांनी वाद्यं चिकटवली. माझं ऐका, ती मूळ, नुसत्या गिटारवरचीच मिळवा.